पाचवा हीर

दाजी मिस्त्री माणसांशी फार बोलत नसे, आणि बोललाच तर समोरच्याला ते सोसत नसे. धामापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे आणि मधोमध माणूसभर खोल खड्डा. त्या खड्ड्यात दाजीचा अर्धा जन्म गेला. आमचं घर त्याच्या मागच्या अंगाला, मध्ये फक्त जांभ्या चिऱ्यांचा बुटका गडगा. मी गावच्या शाळेत शिकवत होते. तोंडावर मी त्याला नेहमी 'दाजीनू, तुम्ही' असंच म्हणत आले. लिहिताना मात्र एकेरी येतंय. ते मायेनं येतंय की रागानं, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

त्याची एक पद्धत होती. गाडी आली की हात लावायच्या आधी ती ऐकायची. लाकडी मुठीचा एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर त्याच्याकडे होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी तोंड उघडायचं नाही, मग तो कुणी का असेना. एकदा कुडाळहून एक साहेब आले होते, सरकारी जीप घेऊन. दाजी ऐकतोय आणि साहेबांची आपली टकळी चालूच, गाडीला काय होतंय, कधीपासून होतंय, त्यांच्या मते काय बिघडलंय. दाजीनं शांतपणे इंजिन बंद केलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक साहेबांच्या छातीला टेकवलं आणि मुठीला कान लावून उभा राहिला. साहेब गप्प. पुढे दोन वर्षं ती जीप आमच्या गावात दिसली नाही.

दुसरी पद्धत तीन प्रश्नांची. गाडी कुठे गेली होती, किती माल होता, कुठे आपटली. उत्तर खोटं निघालं की गाडी परत. दाजी म्हणायचा, "गाडी खोटा सांगणा नाय, बाईनू. सांगता तो माणूस." आमच्या ह्यांनाही त्याचा प्रसाद मिळाला. स्कूटरचा ब्रेक आवाज करत होता. दाजीनं विचारलं, वाळूत गेली होती काय? हे म्हणाले, छे, कचेरी आणि घर, दुसरीकडे कुठे जाणार. संध्याकाळी दाजीनं स्कूटर आणून लावली आणि माझ्या हातात कागदाची एक पुडी दिली. आत चिमूटभर पांढरी वाळू आणि शिंपल्याचा एक कण. ब्रेकच्या ड्रममधून काढलेली, देवबागच्या किनाऱ्याची. कचेरीतली चार टाळकी मिळून तिथे मासे खायला गेली होती, हे मग बाहेर आलं. मला न नेता. मी आठवडाभर ती पुडी जेवणाच्या वेळी ताटाशेजारी ठेवत होते. अशा माणसाच्या शेजारी राहणं सोपं नसतं, पण मला दाजीचा फार अभिमान वाटायचा. हा माणूस खोट्याला उभं करत नाही, असं मी शाळेतल्या मुलांना सांगायची. सांगितलंय मी. त्याचं नाव घेऊन सांगितलंय.

त्याला हसताना बघायचं असेल तर बाबलची वाट बघावी लागे. बाबल हा त्याचा चौथीपर्यंतचा सोबती, चिऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. आमच्याकडची खाण तात्यांची, ट्रकही तात्यांचे, आणि दाजीच्या खड्ड्यावर येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त तात्यांच्याच. बाबल दुपारी ट्रक लावून गॅरेजात यायचा, जुन्या टायरवर बसकण मारायचा आणि दाजीच्या डब्यातलं माशाचं डोकं न विचारता उचलायचा. तो अखंड बोले, मध्येच गाई, दशावतारातल्या राजाची नक्कल करी. दाजी खड्ड्यातूनच हसायचा. खड्ड्यातून हसू येतंय म्हणजे बाबल आलाय, हे मला स्वयंपाकघरात कळायचं.

दोन हजार सालाच्या आगेमागे बाबलचा ट्रक उलटला. चिऱ्यांनी भरलेला, खाणीवरून उतरणाऱ्या रस्त्यावर, राखणदाराच्या वळणाला. तिथे झाडाखाली भागी मासेवाली पाटी घेऊन बसायची. चिरे तिच्या अंगावर पडले. भागी जागच्या जागी गेली. बाबलचं गळ्याचं हाड मोडलं, पण जगला. जगला हेच त्याचं चुकलं, असं पुढे गावानं त्याला वागवलं.

बाबल एकच सांगत होता: ब्रेक लागला नाही, पाय दाबला तो तळाला गेला. ते कुणी ऐकेना. कारण दुसरी एक गोष्ट त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली होती. त्या वळणावर राखणदाराचं ठिकाण आहे. गाव राखणारा तो. प्रत्येक ड्रायव्हर तिथे गाडी सावकाश करून विडी ठेवतो, मग पुढे जातो. इतकी वर्षं बाबलनं एक दिवस चुकवला नव्हता. त्या दिवशी मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या म्हणून थांबला नाही. पोलिसांनी विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. इस्पितळातल्या खाटेवर पडल्या पडल्या यानं आपणहून सांगितलं. झालं. देवीच्या पाषाणाला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली. राखणदाराचा मान चुकला, म्हणून भागी गेली. दसऱ्याला देवीची तरंगकाठी धरायचा मान बाबलच्या घराचा होता, तो थांबवला. लायसन आधीच गेलं होतं. भागीचा नवरा त्याच्या दारावरून जाताना थुंकायचा. बाबलचं गाणं बंद झालं.

मी देवधर्म मानणारी बाई आहे. पण ब्रेकचं काय, एवढं तरी कुणी विचारायला नको होतं का? विचारलं ते एकट्या दाजीनं. ट्रक बघावा तर तात्यांनी पंचनामा झाल्या झाल्या तो भंगारात देऊन टाकला होता. दाजीनं देवळासमोर जमिनीवर खडूनं गाडीचं चित्र काढून चार लोकांना समजवायचा प्रयत्न केला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट जातो, त्याच्या बाजूनं ब्रेकचा पाइप जातो, शाफ्ट सुटला तर पाइप तोडू शकतो. लोक म्हणाले, उलटलेल्या गाडीत सगळंच तुटतं. तेही खरंच. दाजी खडू फेकून माझ्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, नुसतं सांगून या लोकांना कळायचं नाही, चालती गाडी दाखवायला हवी.

त्या दिवशी मी माळा साफ करत होते. माझा भाऊ मस्कतला असतो. त्यानं माझ्या लेकीला, सुमाला, लहानपणी एक पेटी पाठवली होती: एकमेकांत रुतणाऱ्या प्लास्टिकच्या विटा, दातेरी चक्रं, छोटे दांडे, चाकं. सुमा तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होती, पेटी धूळ खात पडलेली. मी गमतीनं ती दाजीपुढे ठेवली. "पोरांचो खेळ," म्हणून त्यानं बाजूला सारली. मग एक चक्र उचललं, दुसऱ्यात अडकवलं, बोटानं फिरवलं. पुन्हा फिरवलं. चहा गार झाला तरी फिरवतच होता.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या पडवीत ट्रक बांधायला लागला. गॅरेजात ग्रीस आणि धूळ, विटा नीट बसत नसत. इथे यायच्या आधी तो कोपरापर्यंत हात धुवायचा. दाजीच्या नखांचा खरा रंग मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची. मागच्या चाकांवरचा भार पेलणारे कमानीचे पाटे कशाचे करायचे हा प्रश्न होता. पेटीतल्या स्प्रिंगा त्याला पसंत पडेनात, ट्रकला पाटेच हवेत म्हणाला. शेवटी माडाच्या झापाचे हीर काढले, ज्यांची आपण केरसुणी बांधतो तेच, एका मापानं तोडले, एकावर एक ठेवून दोऱ्यानं आवळले. एका बाजूला चार हीर. शाफ्टाशेजारून एक बारीक धागा ताणून बांधला. हा ब्रेकचा पाइप. धागा तुटला की ब्रेक गेला असं समजायचं.

तो ट्रक काही सरळ चालेना. चिऱ्याचा तुकडा वर ठेवला की आत कटकट आवाज यायचा, चक्रांचे दाते एकमेकांवरून उडायचे. दाजीनं कान लावला. म्हणाला, चक्र बरोबर आहे, खालची चौकट वाकते म्हणून दाते सुटतात. चौकटीला आडव्या विटा ठोकल्या, आवाज गेला. मग ट्रक एका अंगाला कलायला लागला. हीर तपासले तर एका बाजूचे ओल्या झापाचे, दुसऱ्या बाजूचे वाळलेल्या. सगळे एकाच झापाचे घातले. मग शाफ्ट फिरताना ट्रक थरथरायला लागला. शाफ्टाच्या दोन टोकांच्या सांध्यांचे क्रॉस एका रेषेत नव्हते, एक पाव वळशानं फिरवला तेव्हा थांबला. एकेक खोड काढायला आठवडा आठवडा गेला. शाळेतून आले की मी वह्या तपासत त्याच्यासमोर बसायची. बाबल कधीमधी यायचा, पायरीवर बसून बघायचा, काही न बोलता जायचा. एकदा जाताना त्यानं त्या ट्रकच्या समोरच्या विटेला हात लावून तो कपाळाला लावला. दाजीनं मान फिरवली.

शेवटी ट्रक नीट चालला. फळी तिरकी लावून उतार केला, मध्ये एक उंचवटा केला, खऱ्या रस्त्यावर वळणाच्या आधी मोरीपाशी आहे तसा. गिअरात घातलेला ट्रक सावकाश उतरायचा, उंचवटा ओलांडायचा, खाली येऊन थांबायचा. दाजीला ते नको होतं. शाफ्ट सुटायला हवा होता. तो म्हणाला, माल कमी पडतोय. चिऱ्याचा मोठा तुकडा आणला. तो ठेवल्यावर ट्रक मागून बसला, चाकं ट्रकच्या तळाला घासायला लागली. तेव्हा दाजीनं काहीही विचार न करता आणखी एकेक हीर तोडला आणि दोन्हीकडे चारांखाली पाचवा बांधला. माल वाढला की पाटा वाढवायचा, आयुष्यभर हेच केलेलं. हात आपोआप गेला.

ट्रक मागून ताठ उभा राहिला. फळीवर सोडला. उंचवट्यावर आला, मागचा भाग टणकन उडाला, चाकं खाली लोंबली, अंतर वाढलं आणि शाफ्ट आपल्या नळीतून बाहेर आला. फिरतं टोक धाग्यावर बसलं. धागा तुटला. ट्रक सुसाट खाली येऊन माझ्या जात्यावर आपटला.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, लहान पोरीसारख्या. म्हटलं, दाजीनू, सापडलं! बाबल सुटला! दाजीनं पाचवा हीर काढला, ट्रक सोडला. शाफ्ट जागेवर. पाचवा बांधला, सोडला. शाफ्ट बाहेर. सहा वेळा केलं. सहाव्या वेळी धाग्याची गाठ त्याला जमेना, मला बांधावी लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, बाबलच्या ट्रकला किती पाटे होते?

"उलटूच्या महिन्याआधी एक वाढवलेलो," तो म्हणाला. "तात्यांनी सांगितल्यानी, माल जास्त जावचो आसा. मिया म्हटलंय, मगे शाफ्ट पण बदलूक होयो, आखूड पडतलो. ते म्हणाले, मागसून बघूया. मिया बरा म्हटलंय."

पाटा घालणारे हात त्याचेच. आखूड पडेल हे कळलेलं डोकंही त्याचंच. आणि 'बरा' म्हणणारं तोंडही त्याचंच. तो उठला, माझ्या न्हाणीघरात गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला.

दसऱ्याच्या आधी देवळात सकाळी मंडळी जमली. दाजीच ती सभा मागून बसला होता, काही महिन्यांपूर्वी, सगळं सापडायच्या आधी. आता ती टळेना. मंडपात मानकरी बसलेले, त्यांच्यात तात्या, खांबाला टेकून बाबल, दाराशी भागीचा नवरा. बाबलनं धुतलेला शर्ट घातला होता. दाजीनं फळी लावली, ट्रक ठेवला, चिऱ्याचा तुकडा ठेवला. मी बायकांच्या बाजूला पुढेच बसले होते. हीर चार होते. आणि चिऱ्याचा तुकडाही तो मोठा नव्हता, निम्मा होता.

ट्रक सावकाश उतरला, उंचवटा ओलांडला, खाली येऊन थांबला. दाजीनं तीन वेळा दाखवलं. मग मान वर न करता म्हणाला, "गाडीत काय दोष दिसणा नाय." तात्यांनी सुपारी कातरली. एक म्हातारा मानकरी बाबलला समजावणीच्या सुरात म्हणाला की तुझ्या दोस्तानं एवढा खटाटोप केला, आता तरी मनातलं काढून टाक. बाबलनं मान डोलवली. त्यानं उठून दाजीच्या पायांना हात लावला. एवढे महिने माझ्यासाठी राबलास, म्हणाला.

आणि मी गप्प बसले. बायका सभेत बोलत नाहीत, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. साफ खोटं. त्याच मंडपात मी शाळेच्या गळक्या छपरावरून तात्यांशी कडाकडा भांडले होते आणि छप्पर घालून घेतलं होतं. त्या दिवशी माझी जीभ झडली होती काय? मला दाजीला पोलीस नेतायत असं दिसलं, त्याच्या लग्नाला आलेल्या दोन मुली दिसल्या, आणि खांबाला टेकलेला बाबल दिसला नाही. तीन हात अंतरावर होता तो.

घरी आल्यावर गडग्यापाशी मी दाजीला गाठला. पाचवा कुठे गेला, एवढंच विचारलं. तो गडग्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिला.

"बाबलान राखणदाराक विडी ठेवल्यान नाय, तेका देव माफ करतलो," तो म्हणाला. "माका कोण करतलो?"

मी घरात आले आणि विटा पेटीत भरून माळ्यावर टाकल्या.

त्यानंतर दाजीनं गाडी ऐकणं सोडलं. स्क्रू ड्रायव्हर खांबाला टांगलेला असायचा. तीन प्रश्नही बंद झाले. कुणी काही सांगो, तो मान डोलवायचा आणि खड्ड्यात उतरायचा. तात्यांच्या गाड्यांना जादा पाटा तो घालतच राहिला. मात्र आधी शाफ्ट बदलायचा, कुणी सांगितलं नसताना. हुशारी आली होती, एका मासेवालीच्या जिवावर आलेली. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोले, मीही बोले. वाटी जायची, वाटी यायची. शेजार काही मोडत नाही एवढ्यानं, हीच तर त्यातली घाण आहे.

बाबल देवबागला गेला. आधी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला, मग पर्यटक यायला लागले तशी त्यांना हात धरून होडीत चढवायचं काम लागलं. केस पिकले, पाठ वाकली. गावात यायचा तो फक्त दाजीकडे. वळणावर बसमधून उतरून चालत यायचा, राखणदारापुढे विडी ठेवून, हात जोडून. दाजीविषयी कुणी वावगा शब्द काढला की तो चिडायचा. सगळ्या गावात आपल्यासाठी झटलेला माणूस एकच, असं तो सांगत फिरायचा. हे ऐकलं की मी काहीतरी काम काढून आत जायची.

मग दाजीला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुली सासरी, बायको थकलेली. तेव्हापासून बाबल एक दिवसाआड देवबागहून यायला लागला. दाजीला उचलायचा, अंघोळ घालायचा, भरवायचा. एवढं पोटच्या लेकानं केलं नसतं.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले. मागल्या पडवीत दाजी खुर्चीत टेकवलेला होता, गळ्याभोवती पंचा, गालाला साबण. बाबल त्याची दाढी करत होता. मला बघितलं मात्र, दाजी हलायला लागला. डाव्या हातानं त्यानं बाबलचं मनगट धरलं. एकदा बाबलकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि घशातून कसलातरी आवाज काढायचा. त्या आवाजाला शब्द नव्हता. डोळ्यांतून पाणी साबणावर येत होतं. बाबलनं वस्तरा बाजूला ठेवला.

"रोज असाच करता, बाईनू. तुमी दिसलास की जास्तच," तो म्हणाला. "तेका काय तरी सांगूचा आसा माका. तुमी इतकी वर्सा शेजारी. तुमका समाजता काय?"

दाजीचे डोळे माझ्यावर होते. इतके स्वच्छ डोळे मी त्याचे कधी पाहिले नव्हते. तो सांग म्हणत होता. देवाशपथ, तो मला सांग म्हणत होता.

"नाय रे बाबल," मी म्हटलं. "माका काय समाजणा नाय."

मनगटावरचा हात सुटला. बाबलनं पंच्याच्या टोकानं त्याचे डोळे पुसले, ऱ्हवांदे दाजी, मी आसंय मा, असं म्हणाला, आणि हनुवटी हलकेच धरून दुसऱ्या गालाला साबण लावायला लागला.